लिंबू घातलं होतं का?

ऑगस्टमधल्या सोमवारी सकाळी आठला मी ऑफिसचं कुलूप काढते, तेव्हा आतला फोन वाजतच असतो. शनिवार-रविवारी गावाने टोमॅटो भरलेले असतात आणि सोमवारी धास्ती घेतलेली असते. "बरणीत टोमॅटो वर आलेत आणि खाली तीन बोटं पाणी उरलंय, फेकून देऊ का?" "झाकण उघडलं तर आतून काळे डाग." "भरताना काठोकाठ होतं, आता अर्धीच दिसतेय." मी पेन उचलते, वहीत तारीख घालते आणि सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारते, "लिंबाचा रस घातला होता का?"

पलीकडे बहुधा शांतता पसरते. विचारलं होतं पाण्याबद्दल आणि ही बाई लिंबाचं काय काढतेय, असं वाटत असणार. पण सात हंगाम हा फोन उचलल्यावर माझी खात्री झाली आहे, की बरणी दिसते कशी यावरून फारसं काही कळत नाही. ती भरताना काय केलं, हेच विचारावं लागतं.

मी मूळची नारायणगावची. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि गेली अकरा वर्षं इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात राहते. टोमॅटोच्या बाजारपेठेत वाढलेली मुलगी टोमॅटोच्याच दुसऱ्या गावात येऊन पडली. घरी टोमॅटो टिकवणाऱ्या अमेरिकन माणसाला मन्सी माहीत असतं ते काचेच्या बरण्यांमुळे. नैसर्गिक वायू मिळतो म्हणून बॉल आडनावाच्या पाच भावांनी १८८७ साली आपला कारखाना इथे आणायचं ठरवलं, आणि गावाचं नाव बरण्यांवरून देशभर झालं. इथली काचेची भट्टी १९६२ साली थांबली, तरी जुन्या घरांच्या तळघरांत त्या निळसर बरण्या अजून निघतात. मी काम करते ते विद्यापीठाच्या विस्तार सेवेचं जिल्हा पातळीवरचं ऑफिस. १९१४ सालच्या कायद्याने ही सेवा देशभर उभी राहिली. आपल्याकडचं कृषी विज्ञान केंद्र डोळ्यांसमोर आणलं की कल्पना येईल. जुलै ते ऑक्टोबर एवढंच माझं काम असतं, फोन घ्यायचे आणि शनिवारी प्रात्यक्षिक दाखवायचं.

आमच्या घरी नारायणगावला आई टोमॅटोचा सॉस करायची. तालुक्याला फळप्रक्रियेचा छोटा कोर्स झाला होता, तिथून ती सोडियम बेंझोएटची पुडी आणि एक हस्तलिखित कागद घेऊन आली होती. गर आटला की व्हिनेगर, मग थोड्या गरम पाण्यात विरघळवलेलं बेंझोएट. बाटल्या उकळून उन्हात पालथ्या घातलेल्या. बूच बसवून वर मेणबत्तीचं मेण ओतायचं काम माझं. एका वैशाखात कोठीच्या खोलीत दोन बाटल्यांची बुचं उडाली आणि भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. आईने त्या दिवशी बाकीच्या बाटल्याही उघडून पाहिल्या, हुंगल्या, आणि तीन उकिरड्यावर नेऊन ओतल्या. ओतताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या डोक्यात तेव्हा बसलं, की बिघडलेलं अन्न स्वतःहून बोलतं. फसफसतं, वास मारतं, बूच उडवतं.

ते अर्धंच खरं होतं, हे मला इथे येऊन शिकावं लागलं.

इथल्या कॅनिंगमध्ये बेंझोएट नसतं. काचेच्या बरणीत गरम टोमॅटो भरायचे, कड पुसायची, रबराची कड असलेलं पत्र्याचं सपाट झाकण ठेवायचं, त्यावर आट्याची कडी फिरवायची आणि भरलेली बरणी मोठ्या पातेल्यात पाण्याखाली उकळायची. उकळताना आतली हवा झाकणाखालून बाहेर पडते. बरणी बाहेर काढली की ती थंड होता होता आत पोकळी तयार होते आणि झाकण 'टिंग' करून खाली ओढलं जातं. दिवसभर राबून ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला तो आवाज फार गोड लागतो. मलाही लागतो. पण त्या आवाजाने एवढंच कळतं की झाकण बसलं. आत काय बसलंय ते कळत नाही.

टोमॅटो आंबट असतो हे आपण धरून चालतो, आणि तो आंबट असतोही, पण काठावरचा. सामू ४.६च्या खाली असेल तर बोट्युलिझमचे जंतू बरणीत वाढू शकत नाहीत. टोमॅटोचा सामू या आकड्याच्या अलीकडे-पलीकडे हलतो. जात कोणती, किती पिकलाय, वेल थंडीने मेल्यावर तोडलाय का, सगळ्यावर ते ठरतं. या जंतूंचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात आणि उकळत्या पाण्याने मरत नाहीत. बंद बरणीत हवा नाही, आंबटपणा कमी, कपाटाची ऊब, म्हणजे त्यांना हवं ते सगळं मिळालं. ते जे विष तयार करतात त्याला रंग नाही आणि वासावरूनही त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून लिटरभराच्या बरणीला बाटलीतल्या लिंबाच्या रसाचे दोन मोठे चमचे, अर्ध्या लिटरच्या बरणीला एक. ताजं लिंबू पिळलं तर चालत नाही, कारण एक लिंबू दुसऱ्याइतकं आंबट नसतं आणि बाटलीतला रस ठरावीक आंबटपणाचा असतो. हे आपल्या मंडळींना पटवणं सगळ्यात अवघड जातं. दारात लिंबाचं झाड असलेल्या घरात मी वाढले, मलाही पहिल्या वर्षी ते पटलं नव्हतं.

तर फोनवर लिंबाचं उत्तर 'हो' आलं, वेळही नीट मोजली होती असं कळलं, की मग मी पाण्याच्या थरावर येते. तिथे मला धीर द्यायचा असतो, आणि तो देताना फार बरं वाटतं. टोमॅटो वर, पाणी खाली, यात धोका काहीच नाही. टोमॅटो चिरला की त्यातलं एक एन्झाइम जागं होतं आणि गराला धरून ठेवणारं पेक्टिन तोडायला लागतं. चिरलेले टोमॅटो घमेल्यात तासभर पडून राहिले की गर आणि पाणी यांची फारकत ठरलेली. उपाय सोपा आहे, पण करून दाखवल्याशिवाय कळत नाही, म्हणून प्रात्यक्षिकात मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवते.

दहा किलो टोमॅटो घेतले तर लिटरभराच्या सात बरण्या होतात. उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून साल तडकली की थंड पाण्यात टाकायचे. साल हातातच सुटून येते. मग सगळे एकदम चिरायचे नाहीत. सहावा हिस्सा घ्यायचा, चार फोडी करून थेट तापलेल्या पातेल्यात टाकायच्या आणि लाकडी दट्ट्याने लगेच चेचायच्या. आच मोठी. त्या वेळी पातेल्यातून जो वास येतो तो कच्च्या टोमॅटोच्या पाल्याचा हिरवट वास असतो. खदखदून उकळी आली की तो जातो आणि साराचा वास सुरू होतो. मला तिथे एन्झाइम मेल्याची खूण मिळते. हे माझं स्वतःचं निरीक्षण, पुस्तकातलं नाही. पुस्तकात फक्त लवकर उकळी आणा असं आहे. मग बाकीचे टोमॅटो चिरत चिरत घालत जायचे, उकळी मोडू द्यायची नाही, ढवळणं थांबवायचं नाही. सगळे पडले की पाच मिनिटं हलकी उकळी. असा रस बरणीत महिनोन् महिने एकजीव राहतो. ज्या बाईच्या बरण्यांत पाच वर्षं पाणी खाली बसत होतं, तिने यानंतर मला एक बरणी आणून दिली होती. मी ती अजून फोडलेली नाही.

बरणीने रस ओकला, म्हणजे आतलं पाणी बाहेर आलं आणि बरणी अर्धीमुर्धी झाली, ही दुसरी नेहमीची तक्रार. वर अर्धा इंच जागा सोडली नसेल, फोडींमध्ये हवेचे बुडबुडे राहिले असतील, नाहीतर आच सारखी कमीजास्त झाली असेल. सगळ्यात जास्त वेळा कारण घाई हेच असतं. वेळ संपली की गॅस बंद करून, पातेल्याचं झाकण काढून पाच मिनिटं बरण्या तशाच पाण्यात राहू द्यायच्या. थेट बाहेर काढल्या की आतलं खदखदणारं पाणी झाकणाखालून फुटतं. झाकण घट्ट बसलेलं आहे आणि निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक आहे तर ती बरणी चांगली आहे, फक्त आधी वापरून टाकावी. रस पुन्हा भरायला म्हणून झाकण उघडू मात्र नये. झाकणाच्या आतले काळे डाग निरुपद्रवी. बाहेरून काचेवर पांढरी भुकटी दिसते ती आमच्याकडच्या जड पाण्याची, पातेल्यात थोडं व्हिनेगर घातलं की येत नाही. बूड गोल कापल्यासारखं सुटलं तर थंड बरणी गरम पाण्यात गेली. झाकण मधून दुमडलं तर कडी ताकद लावून आवळली. आमच्या घरी पहिल्या वर्षी नवऱ्याने मदत म्हणून बारा कड्या पूर्ण जोर लावून आवळल्या आणि त्यातली सात झाकणं दुमडून आली. कडी बोटांच्या जोराने फिरवायची, हवेला वाट हवी. झाकण बसलंच नाही तर चोवीस तासांच्या आत नवं झाकण लावून पूर्ण वेळ पुन्हा उकळता येतं, किंवा सरळ फ्रीजमध्ये ठेवून खाऊन टाकावं.

या सगळ्या बरण्या दिसायला वाईट असतात. घाबरलेली माणसं फोन करतात ती यांच्यासाठी. ज्यांच्यासाठी फोन यायला हवा, त्या बरण्या सुंदर दिसतात, आणि त्यांच्यासाठी कुणी फोन करत नाही.

तिसऱ्या हंगामातली गोष्ट. शनिवारच्या प्रात्यक्षिकाला पंचाऐंशीच्या घरातल्या एक आजी आल्या होत्या. स्वतःच्या भरलेल्या दोन बरण्या मला दाखवायला आणल्या होत्या. इतक्या देखण्या बरण्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. अख्खे सोललेले टोमॅटो, एकही तरंगलेला नाही, रस काठाशी नेमका अर्धा इंच सोडून, काच लखलखीत. मी मनापासून कौतुक केलं आणि सवयीने विचारलं, लिंबू किती घालता?

"लिंबू कशाला?" त्या म्हणाल्या. "माझ्या आईने कधी घातलं नाही. मी बारा वर्षांची असल्यापासून भरतेय. आमच्यातलं कुणी मेलं नाही."

खोलीतली चौदा माणसं माझ्याकडे पाहत होती. माझा रंग वेगळा, बोलण्याची ढब वेगळी, वय त्यांच्या निम्मं. मी त्यांच्या आईला चूक म्हणणार नव्हते. त्यांच्या आईच्या काळात कुणी सांगितलंच नव्हतं. टोमॅटोत आम्ल घालायलाच हवं हे सरकारी मार्गदर्शनात आलं ते १९८८च्या पुस्तकापासून, त्याही आधी आजींनी चाळीसेक वर्षं बरण्या भरल्या होत्या. मी तसंच सांगितलं. हेही सांगितलं की पूर्वीचे टोमॅटो आंबट होते आणि आताचे नाहीत असं लोक म्हणतात, पण जुन्या जातींतही कमी आंबट टोमॅटो सापडले आहेत, म्हणजे आपण कुठला टोमॅटो भरला हे जिभेने सांगता येत नाही. मग मी त्यांना २०१५ सालचं सांगितलं. शेजारच्या ओहायोत लँकास्टर गावी चर्चच्या सहभोजनात बटाट्याचं सॅलड होतं. बटाटे घरी भरलेले, प्रेशरऐवजी नुसत्या उकळत्या पाण्यातले. एकोणतीस माणसं आजारी पडली, एक बाई गेली. बटाटा टोमॅटोपेक्षा कितीतरी कमी आंबट, त्याला प्रेशरच लागतं, ती चूक निराळी. पण ज्या कुणी ते बटाटे भरले असतील, त्यांनाही ते चांगलेच दिसले असणार.

आजी काही बोलल्या नाहीत. वर्ग संपल्यावर मागे राहिल्या. घरी आणखी एकतीस आहेत म्हणाल्या. नऊ काल संध्याकाळच्या, बावीस गेल्या आठवड्यातल्या.

नऊ वाचवता येत होत्या, चोवीस तास झाले नव्हते. मी त्यांच्या घरी गेले. दोघींनी मिळून त्या उघडल्या, टोमॅटो उकळले, बरण्या गरम करून प्रत्येकीत दोन चमचे रस घातला, नवी झाकणं लावली आणि पूर्ण वेळ पुन्हा उकळल्या. अख्खे टोमॅटो फुटले, पहिल्यासारखं रूप राहिलं नाही. बावीस वाचवता येत नव्हत्या. संशयाची बरणी उघडायचीही नाही, चाखायची तर मुळीच नाही. बंदच्या बंद जाड पिशवीत घालून तोंड बांधून कचऱ्यात द्यायची. आजी स्वतः एकेक बरणी उचलून पिशवीत ठेवत होत्या, काच वाजू नये इतक्या हळू. मी आईकडून लहानपणी ऐकलेलं सगळं आठवत होते, अन्न पायी तुडवू नये, ताटात टाकू नये, पूर्णब्रह्म. नारायणगावला भाव पडला की रस्त्याच्या कडेला ओतलेल्या टोमॅटोंचे ढीग पाहिलेली मी. माझ्या सांगण्यावरून कुणाचं तरी आठवडाभराचं काम कचऱ्यात जात होतं आणि मला खात्रीने माहीत नव्हतं, की त्यातल्या एकाही बरणीत विष आहे. बहुधा नव्हतंच. तरी पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच सांगेन.

त्याच सप्टेंबरमध्ये मी घरी सात बरण्या भरल्या. रात्री साडेअकराला शेवटचं झाकण टिंग झालं. ओटा पुसताना कोपऱ्यात लिंबाच्या रसाची नवी बाटली दिसली. तिच्या टोपणावरचं सील तसंच होतं. मी कितीतरी वेळ ते सील अंगठ्याने चाचपत राहिले. मग सातही बरण्या उघडल्या. पुन्हा उकळी, पुन्हा कडा पुसणं, नवी झाकणं, पंचेचाळीस मिनिटं. रात्रीचे दोन वाजले. तो रस पातळ झाला, रंग विटकरी आला, चव बरी होती. तेव्हापासून मी टोमॅटो शिजायला ठेवण्याआधी सगळ्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडते आणि त्यात रस घालून ठेवते. प्रत्येक बरणीच्या बुडाशी ते पिवळसर चमचाभर पाणी डोळ्यांनी दिसलं पाहिजे, मगच गॅस पेटवायचा. वर्गातही आता तसंच शिकवते.

इंडियानापोलिसच्या मराठी मैत्रिणी विचारतात, फोडणी देऊनच भरलं तर? लसूण, कांदा, कढीपत्ता, थोडं तेल, म्हणजे उघडलं की आमटी तयार. मी नको म्हणते. कांदा-लसणाने आंबटपणा आणखी खाली येतो, आणि तेलासकट भरायची तपासलेली कृती आमच्याकडे नाही. फोडणीचं सगळं डीप फ्रीजरमध्ये. मीठ कमी केलं तर चालतं, ते चवीपुरतंच असतं. फार आंबट झालं तर चिमूट साखर घाला. लिंबू कमी करू नका.

गेल्या वर्षी गावी गेले तेव्हा अर्ध्या लिटरच्या बारा बरण्या कपड्यांत गुंडाळून नेल्या होत्या, झाकणांची चार पाकिटंही. धाकट्या भावाच्या बायकोला शिकायचं होतं. भाव पडला होता, क्रेट दारात पडून होते. बाटलीतला लिंबाचा रस कुठे मिळेना, म्हणून वाण्याकडून सायट्रिक अ‍ॅसिड आणलं. अर्ध्या लिटरला पाव छोटा चमचा. मग वेळेचा प्रश्न आला. मन्सी समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत आहे, तिथे अर्ध्या लिटरला पस्तीस मिनिटं लागतात. नारायणगाव दोन हजार फुटांच्या आसपास. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून इथे पाच मिनिटं जास्त. ज्या ओट्यावर मी मेण ओतलं होतं त्या ओट्यासमोर उभी राहून मला हे पहिल्यांदा लक्षात आलं, की माझ्या घराचं पाणी माझ्या ऑफिसातल्या पाण्याइतकं गरम होतच नाही.

आई खुर्चीत बसून बघत होती. "बेंझोएट नाही घालायचं?" तिने दोनदा विचारलं.

यंदा भावजयीने एकटीने भरल्या. मध्यरात्री माझा फोन वाजला, तिकडे सकाळ होती.

"ताई, पाण्याला बुडबुडे आलेत. आता मोजू का चाळीस मिनिटं?"

"बारीक बुडबुडे का खळखळ?"

"बारीक."

"मग थांब. खळखळ उकळू दे, बरण्यांवर दोन बोटं पाणी आहे ना बघ. आणि अगं, अ‍ॅसिड—"

"घातलं, ताई. आधी घातलं, मग टोमॅटो. आईंनी शेजारी बसून बाराच्या बारा मोजल्या."